पाण्यातलं पावणं

परदेशातून पार्सल आलं की मी आधी कपाळाला हात लावते आणि मग सही करते. आमचा मुलगा कॅनडात असतो. तो स्वतः येत नाही, पण वस्तू मात्र नियमानं पाठवतो. इतक्या नियमानं की कुरिअरवाला आता दारातूनच "काकू, चहा टाका," असं हक्कानं सांगतो. आधी चालायचं यंत्र आलं, त्यावर आम्ही टॉवेल वाळत घालतो. मग पावलं मोजणारं घड्याळ आलं. ते दर तासाला मनगटाला गुदगुल्या करून "उठा, चाला" म्हणायला लागलं, तेव्हा आमच्या ह्यांनी "मला आर्डर देणारी घरात एक हाय की," म्हणून ते काढून गणपतीच्या फोटोमागे ठेवलं. फरशी पुसणारी एक चकती आली होती. ती पलंगाखाली गेली आणि तिथंच रमली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं ही म्हण मी शाळेत वर्षानुवर्षं मुलींना शिकवली. अर्थ मात्र निवृत्त झाल्यावर कळला.

यावेळी खोक्यातून मुठीएवढा काळा गोळा निघाला. त्याला काचेचा डोळा आणि शेपटीसारखी लांबलचक वायर.

"पप्पांसाठी आहे," मुलगा फोनवर म्हणाला. "पाण्याखालचा कॅमेरा. पप्पा मासे धरतात ना? हा पाण्यात सोडायचा, खालचं सगळं मोबाईलवर दिसतं. इकडे सगळे वापरतात."

इकडे म्हणजे तिकडे. तिकडे तळी गोठतात, मग लोक बर्फाला भोक पाडतात, त्यातून कॅमेरा आत सोडतात, खुर्ची टाकून बसतात आणि मासा कसा गळाकडे येतो ते पडद्यावर बघतात. खिडकीतून वाण्याचं दुकान बघावं तसं. एवढं सगळं दिसत असेल तर मासेमारीत उरलं काय, असं मी विचारलं. मुलगा म्हणाला, "मम्मी, तुला नाही कळायचं." हे एक वाक्य तो गेला तेव्हापासून विनाशुल्क पाठवतो.

आमच्या ह्यांचा जन्म कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यात लेथ मशीनपुढे गेला. काम सुटल्यावर माणूस आठ दिवस घरात बसला आणि नवव्या दिवशी माझे डबे कसे चुकीच्या क्रमानं लावलेत ते मला समजावून सांगायला लागला. तेव्हा मीच त्यांना म्हटलं, बाहेर काहीतरी बघा. त्यांनी गळ बघितला. रोज संध्याकाळी कणकेचा गोळा घेऊन जायचे आणि पिशवीत चार-दोन चिलापी घेऊन यायचे. चिलापी म्हणजे काटे फार आणि मासा नावाला. ते साफ करायचे मी आणि "आज बघ, किती मोठी घावली," म्हणायचे हे. शिवाय गळ शर्टाच्या खिशात, पायपुसण्यात, उशीच्या खोळीत. कपडे धुताना बोटाला गळ टोचला नाही असा वार नव्हता. तर असा हा गृहस्थ, आणि त्याला कॅमेरा. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

घरात कुठलंही यंत्र आलं की हे त्याची पूजा करतात. मिक्सरची केली, चालायच्या यंत्राची केली. कॅमेऱ्याचीही केली. पाटावर ठेवून हळद वाहिली, नारळ फोडला, उदबत्ती ओवाळली. मग पंचगंगेवर गेलो. मीही गेले, कारण तमाशा चुकवायचा माझा स्वभाव नाही. तिकडे मुलगा सकाळी लवकर उठून बसला होता. त्याच्या मोबाईलवरही तेच चित्र दिसायची सोय त्यानं करून ठेवली होती. ह्यांनी वायर धरून कॅमेरा आत सोडला.

पडद्यावर चहा दिसला. दूध जरा जास्त झालेला. आणि त्या चहाच्या मधोमध एक लालभडक गोळा.

"पप्पा, तो रेड स्पॉट काय आहे?" मुलगा म्हणाला आणि त्याच्या अंगात इंजिनिअर संचारला. मोबाईल बंद करा, चालू करा. ॲप काढा, परत टाका. वायर ओढा, वायर खुपसा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त उंट कॅनडात आणि शेळ्या पंचगंगेच्या घाटावर. हे सगळं इमानदारीनं करत होते. शेवटी पोरगं रडकुंडीला येऊन म्हणालं, "लेन्सला काही लागलंय का?"

"काय न्हाय की," हे म्हणाले. "नुसतं कुंकू लावलंय."

मी पदरानं काच पुसली. लाल डाग गेला आणि नुसता चहा राहिला. त्या चहातून एकदा काहीतरी पांढरं सरकत आलं. आम्ही तिघंही, दोन घाटावर आणि एक सातासमुद्रापार, "मासा!" म्हणून ओरडलो. ती प्लॅस्टिकची पिशवी होती, आत झेंडूचा हार. देवाला वाहिलेली फुलं पवित्र, म्हणून नदीत सोडायची, आणि हात खराब होऊ नयेत म्हणून पिशवीसकट सोडायची, ही आमची भक्ती. यानंतर एक चप्पल आली. मग मुलाची ऑफिसची वेळ झाली.

दुसरा कुणी असता तर त्यानं कॅमेरा घड्याळाशेजारी ठेवून दिला असता. पण आमचे हे चार दिवस गावाबाहेर हिंडले आणि स्वच्छ पाणी शोधून आले. एक जुनी दगडाची खाण, कधीची बंद पडलेली. त्यात पाणी साठून तळं झालेलं. पाणी हिरवट, पण तळचा दगड दिसेल इतकं निवळ. तिथं आधीच एक निवृत्त एसटी कंडक्टर गळ टाकून बसायचे. हे कंडक्टर भेटेल त्याला पावणं म्हणायचे. तशी आमच्या कोल्हापुरात अनोळखी माणसाला पावणं म्हणायची रीतच आहे, पण कंडक्टरांनी हयातभर एसटीत पावणं म्हणून लोकांना आत ढकललेलं. त्यांच्या तोंडी तो शब्द शिट्टीसारखा बसला होता.

खाणीत कॅमेरा सोडला आणि खरंच दुनिया दिसली. मला हे कबूल करायला आवडत नाही, पण मीसुद्धा तोंड उघडं ठेवून बघत राहिले. वरून संध्याकाळचं ऊन तिरपं आत गेलेलं, दगडावर मऊ शेवाळ, आणि कणकेच्या गोळ्याभोवती चिलापींची झुंबड. कंडक्टरांना राहवेना. पडद्यावर वाकून ते ओरडले, "अरं सरका, सरका! मागं लई जागा हाय, दारात गर्दी करू नगा!" मासे सरकले नाहीत. गडहिंग्लजच्या गाडीतले प्रवासीही कधी सरकले नसतील.

तेवढ्यात अंधारातून एक मोठं डोकं पुढं आलं. कटला मासा होता. ताटाएवढं तोंड, रुबाबदार, सावकाश. चिलापी बाजूला झाल्या. कंडक्टरांनी चक्क डोक्याची टोपी काढली.

"या पावणं!" ते म्हणाले.

तिकडून मुलाचं हसू ऐकू आलं. किती दिवसांनी ऐकलं ते हसू! लहानपणी नाकातून दूध यायचं तसलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. गळाकडे बघायचं विसरून माझ्याकडे बघितलं. कटल्यानं कणीक चाखली, गळाला हुलकावणी दिली आणि शेपूट वळवून निघून गेला.

त्या दिवसापासून मुलाला नाद लागला. आमची संध्याकाळ म्हणजे त्याची सकाळ. कॉफी पिता पिता रोज बघायला लागला. "पावणं आले का?" "आज लवकर गेले." "काल शेपटीला काय लागलं होतं त्यांच्या?" कटल्याच्या शेपटीची एवढी चौकशी, की मला वाटलं आता त्यालाही एक घड्याळ पाठवतो.

पूर्वी रविवारी व्हिडिओ कॉल असायचा. ह्यांना मोबाईल धरता येत नाही, त्यामुळे मुलाला बापाचं कपाळ आणि वरचा पंखा एवढंच दिसायचं, पण निदान कपाळ तरी दिसायचं. कॅमेरा आल्यावर तो कॉल हळूच बंद पडला. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "मम्मी, आता तर आपण रोजच भेटतो की." मी मोबाईल ह्यांच्याकडे दिला. माझ्या तोंडून जे निघालं असतं ते त्यानं आयुष्यात ऐकलं नव्हतं.

याच दिवसांत ह्यांना जिना चढताना दम लागायला लागला. तपासण्या झाल्या. हृदयाच्या नळ्या आवळल्यात, ऑपरेशन लवकर करून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. हे डॉक्टरांना म्हणाले, "उन्हाळ्यात करू. तवा पोरगं येणार हाय." आणि घरी आल्यावर मला बजावलं, "त्येला यातलं अक्षर बोलायचं न्हाय. माझ्या गळ्याची शपथ हाय."

"का नाही बोलायचं? बापाचं ऑपरेशन आहे, बातमी आहे ती."

"म्हंजे मग त्यो घाबरून ईल. रजा काढून, तिकीट काढून, तोंड वाळवून." ते पायातले मोजे काढत होते, तेवढ्यानंही दमले. "बोलावून आलं तर पावणं, न बोलावता आलं तर पोरगं."

हे कुठून आलं ते मला ठाऊक होतं. मागच्या खेपेला मुलगा आला होता तेव्हा कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं त्याला ओळखलं नाही. "काय पावणं, कवा आलासा? किती दिस हाय मुक्काम?" असं विचारलं. याच गल्लीत सायकल शिकताना ज्याचे गुडघे फुटले, त्याला. मुलगा हसला होता. हे हसले नव्हते. घरी आल्यावर जेवलेसुद्धा नाहीत धड.

शपथबिपथ मी मानत नाही. पण ज्याच्या गळ्याची शपथ, त्याच्याच छातीत नळ्या आवळलेल्या, तेव्हा कशाला उगाच विषाची परीक्षा. मी कारण न सांगता मुलाला गळ घालत राहिले. ये रे, आंब्याला मोहोर आलाय. ये रे, घराला रंग काढायचाय. ये रे, मला तुझी आठवण येते. शेवटचं खरं होतं, म्हणून बहुतेक ते त्याला सर्वांत कमी पटलं. उन्हाळा तोंडावर आला आणि तो म्हणाला, "या वर्षी प्रोजेक्टमुळं जमत नाही गं. पुढच्या वर्षी शंभर टक्के." मग लगेच, "आज पावणं आले होते का? मला सकाळी मीटिंग होती, बघायचं राहिलं."

ह्यांना मी सांगितलं तेव्हा ते पेपर वाचत होते. "असू दे," म्हणाले आणि पान उलटलं. ते पान जाहिरातींचं होतं. त्यांनी ते फार वेळ वाचलं.

"मग आता ऑपरेशन?" मी विचारलं.

"बघू की. पुढच्या वर्षी यायचंच हाय त्यो."

डॉक्टरांनी लवकर म्हटलं होतं, आणि हा माणूस पुढच्या वर्षाची गोष्ट करत होता. मला इतका संताप आला की मी स्वयंपाकघरात जाऊन भाकरी थापली. शेजारीण भिंतीपलीकडून विचारायला आली, काय पडलं का म्हणून.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर खाणीवर गेले. पिशवी आता त्यांना उचलवत नव्हती, ती मी घेतली. पिशवीतला कणकेचा गोळा माझाच. गूळ आणि शेंगदाण्याचं कूट घालून मी रोज मळून द्यायची, कारण पावण्यांना साधी कणीक चालेनाशी झाली होती. काठावर बसून ह्यांनी दोरी काढली आणि मी पहिल्यांदा नीट बघितली. दोरीच्या टोकाला गळ नव्हता. माझ्या जुन्या मच्छरदाणीचा तुकडा होता. त्यात त्यांनी कणीक बांधली, गाठ मारली आणि दोरी पाण्यात सोडली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कित्येक दिवसांत कपडे धुताना बोटाला काही टोचलं नव्हतं. चिलापीही घरात आली नव्हती. मला वाटलं होतं, अखेर देवाला माझी दया आली.

"गळ कुठाय?" मी विचारलं.

"लागंल की त्येला."

"मग मासे धरायला येता की वाढायला?"

कंडक्टर आपल्या दोरीकडे बघत राहिले. त्यांच्याही दोरीला मला गळ दिसला नाही.

"धरला तर संपलं की मग," हे शेवटी म्हणाले. "पोरगं काय चिलापी बघायला उठणार हाय व्हय सकाळी सकाळी? ह्यो हाय म्हणून येतंय. ह्यो गेला की त्येचंबी बंद."

मला भडाभडा रडू आलं आणि त्याचाही रागच आला. लेथवर केसाइतकं माप चुकलं तर काम फेकून देणारा हा माणूस. आणि इथं बिनगळाची दोरी धरून बसलाय. कशासाठी, तर मासा तृप्त व्हावा आणि कॅनडात कुणाचीतरी कॉफी बरी लागावी. मी घरात फोनवरून गळ घालत होते, हे खाणीत गळाशिवाय तेच करत होते. आणि दोघांचीही कणीक तेवढी खाल्ली जात होती.

मी उठले आणि वायर धरून कॅमेरा वर ओढला. तो ओलाकच्च गोळा पदराला पुसला, समोरच्या दगडावर ठेवला आणि त्याचा डोळा नीट ह्यांच्यावर धरला. उतरत्या उन्हात ते बसले होते. सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल झालेली, गळ्याची हाडं वर आलेली, ओठ जरा निळसर. तीन महिन्यांपूर्वीचा माणूस ज्यानं बघितलाय, त्याला हे एका नजरेत कळलं असतं. अक्षर बोलायचं नाही, एवढीच शपथ होती. दाखवायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. शाळेत मुली माझ्या नियमांतून अशाच पळवाटा काढायच्या.

"काय करालीस?" हे म्हणाले.

"गप बसा आणि कॅमेऱ्याकडे बघा."

ते बघायला लागले. आधी ताठ बसले, मग विस्कटलेले केस हातानं सारखे केले. पासपोर्टचा फोटो काढायला बसतात तसे. तिकडे सकाळ झाली होती, मुलाची बघायची वेळ. मी मोबाईल हातात घेऊन उभी राहिले. माझ्या छातीत इतकं धडधडत होतं की वाटलं, माझ्याही नळ्या तपासून घ्याव्यात. आता विचारेल. आता फोन येईल, पप्पांना काय झालंय म्हणून ओरडेल, मला शिव्या घालेल. घालू दे. खुशाल घालू दे.

मोबाईल वाजला. फोन नव्हता, लिहिलेला निरोप होता. चष्मा घालून मी तो मोठ्यानं वाचला, वर्गात धडा वाचायची सवय जात नाही म्हणून.

"मम्मी, कॅमेरा बिघडलाय बहुतेक. मासे दिसत नाहीत. नुसते पप्पाच दिसतायत."

वाचून झाल्यावर मला कळलं की हे मनात वाचायला हवं होतं. कंडक्टरांनी खोकून दुसरीकडे बघितलं. हे मात्र हसले. खरोखर हसले, खांदे हलवून.

"बरोबर हाय की त्येचं," ते म्हणाले. "सोड कॅमेरा पाण्यात. हापिसची वेळ होत आली आसंल, तेवढ्यात पावणं तरी बघू दे."

मी कॅमेरा पाण्यात सोडला. सोडला म्हणजे आपटला. पाणी ह्यांच्या पँटवर उडालं. थोड्या वेळानं परत निरोप आला, "आता आलं नीट. थँक्स, मम्मी." पडद्यावर कटला आला होता आणि माझं शेंगदाण्याचं कूट मिटक्या मारत खात होता.

मी ह्यांच्या शेजारी बसले. "उद्या दवाखान्यात जाऊन ऑपरेशनची तारीख घ्यायची," मी म्हणाले. "पावण्यांसाठी कुणी थांबत नसतंय."

हा शब्द मी आमच्या मुलासाठी कधी वापरला नव्हता. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे बघितलं. दोरी हलत होती, खाली खाणं चालू होतं.

"व्हय," ते म्हणाले. मग म्हणाले, "पर मी दवाखान्यात आसल्यावर कॅमेरा कोण सोडणार?"

"त्यात काय? मी सोडतो की रोज," कंडक्टर म्हणाले. त्यांचा हेतू चांगला होता. "त्येला कळायचंबी न्हाय."